पाच शब्द आणि एक तारीख

१ सप्टेंबर १९४८ रोजी बॉन शहरात एक सोहळा झाला. पश्चिम जर्मनीची नवी राज्यघटना लिहिण्यासाठी अकरा प्रांतांनी पाठवलेल्या ६५ सदस्यांच्या परिषदेचं ते उद्घाटन होतं. युद्ध संपून तीन वर्षं झाली होती. एवढी माणसं मावतील असं धड उरलेलं मोठं दालन हवं होतं. ते मिळालं प्राणिशास्त्राच्या कोएनिग संग्रहालयात. भुसा भरलेले प्राणी बाजूला सारून खुर्च्या मांडल्या गेल्या. जे हलवता येण्यासारखे नव्हते ते जागेवरच राहिले, आणि त्यांतले जिराफ पडद्यांनी झाकून टाकले. बारा वर्षांच्या हुकूमशाहीनंतर एक देश पहिल्यापासून उभा करायला माणसं जमली होती, ती अशा जागी.

त्या ६५ जणांत स्त्रिया चारच होत्या. त्यांतल्या एकीचं नाव एलिझाबेथ सेल्बर्ट. वय ५१, व्यवसाय वकिली, गाव कासेल, पक्ष सोशल डेमोक्रॅट. जर्मनीबाहेर हे नाव फारसं कुणाला ठाऊक नाही. युद्धोत्तर जर्मनीचे राजकारणी म्हटले की आपल्याला आडनाऊर आठवतात, विली ब्रांट आठवतात. सेल्बर्टबाई मंत्री झाल्या नाहीत. त्या केंद्रीय संसदेतही कधी बसल्या नाहीत. पण त्यांनी घटनेत एक वाक्य घातलं. मूळ जर्मनमध्ये ते अवघं पाच शब्दांचं आहे आणि त्याचा अर्थ एवढाच, की पुरुष आणि स्त्रिया समान हक्काचे आहेत. ते वाक्य आधी फेटाळलं गेलं, दीड महिन्यात एकमताने मंजूर झालं, आणि चार वर्षांनी एका रात्रीत त्याने देशाच्या कुटुंबकायद्यातली कितीतरी कलमं निकामी केली. संसदेने त्यासाठी बोटही उचललेलं नव्हतं. कायद्याच्या इतिहासात इतकं छोटं यंत्र इतकं मोठं काम करताना क्वचितच दिसतं. ते चाललं कसं, हे उलगडून पाहण्याजोगं आहे.

आधी बाईंविषयी थोडं. जन्म २२ सप्टेंबर १८९६ चा. वडील तुरुंगात पहारेकरी, घरात चार मुली. शिक्षिका व्हायचं मनात होतं, पण तेवढं शिकवण्याची घरची ऐपत नव्हती. व्यापारी शाळेत शिकून त्या एका आयात-निर्यात करणाऱ्या कंपनीत पत्रव्यवहार सांभाळू लागल्या. पहिलं महायुद्ध सुरू झालं आणि ती नोकरी गेली. मग टपाल खात्यात तारेच्या विभागात लागल्या. १९१८ च्या क्रांतीच्या दिवसांत आडाम सेल्बर्ट भेटले. व्यवसायाने मुद्रक आणि चळवळीतला माणूस. त्यांच्यामुळे त्या पक्षात आल्या. १९१९ मध्ये जर्मन स्त्रियांनी पहिल्यांदा मतदान केलं आणि त्याच वर्षी बाई गावच्या पंचायतीत निवडून गेल्या. लग्न झालं, १९२१ आणि १९२२ मध्ये दोन मुलगे झाले.

एवढ्यावर कुणाचंही आयुष्य मार्गी लागलं असं म्हटलं असतं. सेल्बर्टबाईंनी मात्र दोन लहान मुलं पदरात असताना बाहेरून बसून शालान्त परीक्षा दिली आणि तिशीत कायदा शिकायला विद्यापीठात पाऊल टाकलं. आधी मारबुर्ग, मग ग्योटिंगेन. मारबुर्गला कायद्याच्या वर्गात त्या एकट्या स्त्री होत्या. मुलांना आजी-आजोबांनी सांभाळलं. नवरा पाठीशी उभा राहिला, आणि १९२० च्या दशकात ही गोष्ट आजच्यापेक्षा फार मोठी होती. १९३० मध्ये त्यांनी डॉक्टरेट मिळवली. प्रबंधाचा विषय घटस्फोटाचा होता. त्या काळच्या कायद्यात घटस्फोटासाठी दोघांपैकी कुणाचा तरी दोष सिद्ध करावा लागे, आणि बायको दोषी ठरली तर पोटगीवर पाणी सोडावं लागे. सेल्बर्टबाईंनी मांडलं, की संसार मोडला आहे हेच घटस्फोटाला पुरेसं कारण असायला हवं; कोर्टात एकमेकांची धुणी धुवायला लावू नयेत. हा प्रबंध लक्षात ठेवा.

१९३३ मध्ये हिटलर आला. आडाम सेल्बर्टांची नोकरी गेली आणि त्यांना कासेलजवळच्या ब्राइटेनाउ छळछावणीत डांबलं. सुटून आले ते पाळत मागे घेऊनच. घर चालवायची जबाबदारी आता बाईंवर आली. स्त्रियांना वकिलीची सनद देणं बंद करण्याच्या हालचाली सुरू झाल्या होत्या. त्यांचा अर्ज नाझी अधिकाऱ्यांच्या इच्छेविरुद्ध होता. पण न्यायालयाचे प्रमुख रजेवर असताना दोन जुन्या, ज्येष्ठ न्यायाधीशांनी तो मंजूर करून टाकला. तारीख होती १५ डिसेंबर १९३४. त्यानंतर आठवडाभराच्या आत बंदी लागू झाली. कार्यालय त्यांनी देश सोडायला भाग पडलेल्या ज्यू वकिलांकडून घेतलं. पुढची अकरा वर्षं त्यांनी मुख्यतः कौटुंबिक दावे लढवले. कायद्याच्या पुस्तकात लिहिलेली बायको आणि समोरच्या खुर्चीवर येऊन बसलेली बायको, दोघींना त्या रोज पाहत होत्या.

त्या पुस्तकातली बायको कशी होती? जर्मनीची नागरी संहिता १ जानेवारी १९०० पासून लागू होती. तिच्या १३५४ व्या कलमानुसार संसारातल्या सगळ्या बाबतींत निर्णय नवऱ्याचा. कुठल्या गावी आणि कुठल्या घरात राहायचं हेही तोच ठरवणार. १३५६ व्या कलमाने घर चालवणं हे बायकोचं कर्तव्य ठरवलं होतं, आणि रीत असेल तिथे नवऱ्याच्या धंद्यात राबणंही. तिने लग्नात आणलेल्या मालमत्तेचा कारभार आणि उत्पन्न नवऱ्याकडे. मुलांवर अधिकार बापाचा. आणि १३५८ वं कलम तर वाचताना आजही अंगावर येतं. बायकोने बाहेर नोकरी धरली असेल, तर न्यायालयाची परवानगी काढून नवरा मालकाला नोटीस देऊन ती नोकरी संपवू शकत असे. नोकरी तिची, करार तिचा, आणि मोडणारा तो.

आता खरी गंमत अशी, की हे सगळं चालू असताना जर्मन स्त्रियांना घटनेने समानता दिलेली होती. १९१९ च्या वायमार घटनेचं १०९ वं कलम सांगत होतं, की पुरुष आणि स्त्रिया यांना नागरिक म्हणून तत्त्वतः समान हक्क आणि कर्तव्यं आहेत. त्यातल्या ‘नागरिक म्हणून’मुळे समानता मतपेटीपाशी येऊन थांबली, उंबरठ्याच्या आत तिला प्रवेश नव्हता. आणि ‘तत्त्वतः’मुळे अपवादांना दार सताड उघडं राहिलं. भरीला त्या घटनेतले बरेचसे मूलभूत हक्क म्हणजे राज्यकर्त्यांसाठी एक दिशा, एक सदिच्छा मानली जाई. न्यायाधीशापुढे नेऊन वसूल करता येईल असं ते देणं नव्हतं. त्यामुळे १९०० ची संहिता १९१९ च्या घटनेशेजारी निवांत नांदली.

बॉनमध्ये पुन्हा तेच वाक्य पुढे आलं. नव्या मसुद्यातही स्त्री-पुरुषांना नागरिक म्हणून समान हक्क मिळणार होते. सेल्बर्टबाईंनी नंतर सांगितलं आहे, की आपल्याला यासाठी भांडावं लागेल असं त्यांना वाटलंच नव्हतं. दोन महायुद्धांत स्त्रियांनी कारखाने चालवले, बॉम्ब पडलेल्या शहरांतले विटा-दगड उपसले, पुरुष रणांगणावर किंवा कैदेत असताना घरं जगवली. एवढं झाल्यावर समानता आपोआप लिहिली जाईल असा त्यांचा समज होता. तो खोटा ठरला. मग त्यांनी आपलं पाच शब्दांचं वाक्य मांडलं. त्यात नागरिक नव्हते, तत्त्वतः नव्हतं, अपवादाला फट नव्हती. समान हक्क घरात, कारखान्यात, कोर्टात, सगळीकडे.

विरोध पुराणमतवादी पक्षांकडून आला हे ओघानेच आलं. पण बाकीच्या तीन स्त्रियाही सुरुवातीला त्यांच्यामागे ठामपणे नव्हत्या: ख्रिश्चन डेमोक्रॅट हेलेने वेबर, सेंटर पक्षाच्या हेलेने वेसेल, आणि सेल्बर्टबाईंच्याच पक्षाच्या फ्रीडेरिके नाडिग. नाडिग यांची शंका उडवून लावण्यासारखी नव्हती. हे वाक्य खरोखर घटनेत गेलं, तर नागरी संहितेतलं कुटुंबाचं सगळं प्रकरण त्याच दिवशी घटनाबाह्य ठरेल. लग्न, मालमत्ता, मुलांचा ताबा यांवर देशात कायदाच उरणार नाही. कोर्टांनी दुसऱ्या दिवशी काय करायचं?

या प्रश्नाला दिलेलं उत्तर मला त्या पाच शब्दांपेक्षाही थोर वाटतं. वाक्यासोबत एक संक्रमणाची तरतूद जोडायचं ठरलं, आणि आज ती घटनेचं ११७ वं कलम आहे. समानतेशी न जुळणारे जुने कायदे तूर्त चालू राहतील, मात्र ३१ मार्च १९५३ च्या पुढे नाही. संसदेला जुने कायदे बदलायला चार वर्षांची मुदत मिळाली. त्या मुदतीत तिने काहीच केलं नाही तर काय, याचं उत्तरही तिथेच लिहिलेलं होतं: कायदे आपोआप मरतील. ‘सरकार प्रयत्न करील’ असली कलमं जगभरच्या घटनांत सापडतात. इथे सरकारच्या इच्छेचा संबंधच ठेवला नव्हता.

३ डिसेंबर १९४८ रोजी परिषदेच्या मुख्य समितीत मतदान झालं. सेल्बर्टबाईंचं वाक्य ११ विरुद्ध ९ मतांनी पडलं. त्याऐवजी पसंती मिळालेला मजकूर साधारण असा होता, की कायद्याने सारख्यांना सारखं वागवलं पाहिजे आणि वेगळ्यांना त्यांच्या प्रकृतीप्रमाणे वेगळं वागवायला हरकत नाही. यातली वेगळी प्रकृती कुणाची, हे बाहेर बसलेल्या प्रत्येक बाईला कळलं. सेल्बर्टबाईंनी समितीतच बजावलं होतं, की हे वाक्य नाकारलंत तर देशातल्या सार्वजनिक जीवनातल्या स्त्रिया बोलतील आणि या घटनेला मान्यता मिळणं अवघड होऊन बसेल. ही पोकळ धमकी नव्हती. युद्धाने पुरुषांची एक पिढी कापून नेली होती. मतदारांत स्त्रियांची संख्या पुरुषांपेक्षा लाखोंनी जास्त होती.

पुढचे सहा आठवडे म्हणजे थंडीच्या ऐन कडाक्यातले. सेल्बर्टबाई गावोगावच्या सभांना जाऊ लागल्या. आपण एखाद्या भटक्या धर्मोपदेशकासारख्या फिरत होतो, असं त्यांनी नंतर म्हटलं. त्या स्त्रियांपुढे कायद्याची भाषा उलगडून सांगत: घटनेतला एक शब्द बदलला की तुझ्या नोकरीच्या करारात काय बदलतं, तुझ्या माहेरच्या पैशाचं काय होतं. पक्षाच्या महिला विभागाच्या प्रमुख हेर्टा गोटहेल्फ यांनी संघटनेची यंत्रणा कामाला लावली. निषेधाची पत्रं बॉनला जाऊ लागली. स्त्री संघटना, कामगार संघटनांतल्या स्त्रिया, नगरपालिकांतल्या सदस्या, बव्हेरिया सोडून इतर प्रांतांच्या विधिमंडळांतल्या स्त्रिया, सगळ्या लिहीत होत्या. धातू कारखान्यांतल्या ४०,००० कामगार स्त्रियांच्या वतीनेही मागणी गेली. पत्रं टोपल्या भरभरून येत होती, अशी आठवण बाई सांगत. त्या काळात देशात कागदाचाही तुटवडा होता, हे ध्यानात घेतलं म्हणजे त्या टोपल्यांचं वजन कळतं.

१८ जानेवारी १९४९ रोजी मुख्य समिती पुन्हा बसली. सेल्बर्टबाईंचं वाक्य पुन्हा मताला आलं आणि एकमताने मंजूर झालं. ४६ दिवसांपूर्वी विरोधात गेलेले हातही आता बाजूने होते. पुढे देशाचे पहिले राष्ट्राध्यक्ष झालेले थिओडोर हॉइस यांनी त्या बैठकीत सांगितलं, की बाहेरच्या या तथाकथित वादळाचा आमच्यावर काही परिणाम झालेला नाही, आमचं मत पहिल्यापासून हेच होतं. सदस्यांच्या मनात काय होतं ते त्यांचं त्यांना ठाऊक. मतांची नोंद मात्र वेगळं सांगते. दुसऱ्या दिवशी सेल्बर्टबाई रेडिओवर बोलल्या आणि जर्मन स्त्रियांच्या वाटचालीतलं हे ऐतिहासिक वळण असल्याचं त्यांनी सांगितलं. पुढे आयुष्यभर त्या या प्रसंगाला आपल्या जन्मातला सर्वोच्च क्षण म्हणत राहिल्या. ८ मे १९४९ ला परिषदेने घटना मंजूर केली आणि २३ मे रोजी ती जाहीर झाली. तिसऱ्या कलमाच्या दुसऱ्या परिच्छेदात ते पाच शब्द होते.

आता यंत्र कसं फिरलं ते पाहू. नव्या घटनेच्या पहिल्याच कलमाने वायमारची चूक दुरुस्त केली होती: मूलभूत हक्क संसद, सरकार आणि न्यायालय या तिघांनाही थेट बंधनकारक आहेत. म्हणजे सदिच्छेचं युग संपलं. समानतेचं वाक्य हा आता न्यायाधीशाने वापरायचा जिवंत कायदा होता, फक्त ११७ व्या कलमाने त्याचा एक भाग तात्पुरता रोखून धरला होता. आणि ती रोख ३१ मार्च १९५३ ला मध्यरात्री उठणार होती.

आडनाऊर सरकारने वेळ काढला. नवऱ्याचा अंतिम निर्णयाचा हक्क टिकावा अशी सत्ताधाऱ्यांत आणि चर्चमध्ये पुष्कळांची इच्छा होती. मसुदे फिरत राहिले, चर्चा लांबत गेल्या, मुदत वाढवण्याची खटपटही झाली. पण मुदत घटनेत लिहिलेली असल्याने ती वाढवायला घटनादुरुस्ती हवी, आणि घटनादुरुस्तीला दोन तृतीयांश बहुमत हवं. ते काही जमलं नाही. १ एप्रिल १९५३ ची सकाळ उजाडली आणि नवऱ्याच्या हुकमतीची कलमं कायद्याच्या पुस्तकात छापलेली असूनही निर्जीव झाली. कुठलंही विधेयक आलं नव्हतं, कुणी सही केली नव्हती.

मग गोंधळ माजला का? देशभरच्या न्यायाधीशांपुढे प्रश्न पडला खरा. समोर संसार मोडलेलं जोडपं उभं आहे, जुना नियम मेला आहे, नवा जन्मलेला नाही. एका वरिष्ठ न्यायालयाने तर ११७ वं कलमच घटनेच्या चौकटीत बसतं का, असा प्रश्न काढून तो केंद्रीय घटना न्यायालयाकडे धाडला. म्हणणं असं, की अशाने कायद्याची निश्चितता जाते आणि संसदेचं काम न्यायाधीशांच्या गळ्यात पडतं. १८ डिसेंबर १९५३ रोजी निकाल आला. घटना न्यायालयाने सांगितलं, की मुदत वैध आहे, समानता हा प्रत्यक्ष लागू होणारा कायदा आहे आणि तो राबवणं न्यायाधीशांना जमण्यासारखं आहे. आणि ते जमलं. पाच वर्षांहून अधिक काळ जर्मन न्यायालयांनी एका वाक्याच्या आधारावर कुटुंबकायदा चालवला. नाडिग यांना वाटलेली भीती पूर्णपणे खरी ठरली नाही, ही गोष्ट कायदा शिकणाऱ्या प्रत्येकाने मनात ठेवण्याजोगी आहे.

संसदेने शेवटी १९५७ मध्ये समान हक्कांचा कायदा केला, तो १ जुलै १९५८ पासून लागू झाला. त्याने १३५४ वं कलम गेलं, बायकोची नोकरी मोडण्याचा हक्क गेला, मालमत्तेवरचा नवऱ्याचा कारभार गेला. तरी एक काडी शिल्लक ठेवलीच: मुलांच्या बाबतीत आईबापांत मतभेद झाले तर शेवटचा शब्द बापाचा. २९ जुलै १९५९ रोजी घटना न्यायालयाने तीही काढून टाकली, अर्थातच त्याच पाच शब्दांच्या बळावर. ते प्रकरण ज्या पीठासमोर आलं, त्यात एर्ना शेफलर ही एकच स्त्री न्यायाधीश होती.

शेफलर कर्तबगार होत्या यात शंका नाही. पण १९५१ मध्ये हे न्यायालय स्थापन झालं तेव्हा तिथे बसण्यासाठी सेल्बर्टबाईंचं नावही चर्चेत होतं आणि ते मागे पडलं. त्याआधी १९४९ च्या पहिल्या केंद्रीय निवडणुकीतही त्यांना जागा मिळाली नव्हती. घटना लिहिणाऱ्या परिषदेत जातानाही त्यांच्या स्वतःच्या हेसन प्रांताने त्यांना पाठवलं नव्हतं. त्या शेजारच्या लोअर सॅक्सनीच्या कोट्यातून गेल्या होत्या. ज्या माणसाने देशाच्या घटनेला तिचं सर्वांत दूरगामी वाक्य दिलं, त्याला त्या देशाने दिल्लीच्या नव्हे, तर गल्लीच्या राजकारणावर भागवायला लावलं. हा अन्याय होता, असंच माझं मत आहे. हेसनच्या विधिमंडळात त्या १९५८ पर्यंत राहिल्या आणि मग पुरत्या आपल्या वकिलीकडे वळल्या. गौरव उशिरा आला. १९८३ मध्ये हेसन सरकारने त्यांच्या नावाचा पुरस्कार सुरू केला, १९८४ मध्ये कासेलने त्यांना मानद नागरिक केलं.

आणि तो प्रबंध? १ जुलै १९७७ रोजी पश्चिम जर्मनीत विवाहाचा सुधारित कायदा लागू झाला. घर चालवणं हे बायकोचं काम असल्याचा उल्लेख त्याने पुसला. आणि घटस्फोटासाठी दोष शोधण्याची पद्धत बंद करून, संसार मोडलेला असणं हेच कारण मानलं. १९३० मध्ये ग्योटिंगेनच्या एका विद्यार्थिनीने, दोन मुलांच्या आईने, नेमकं हेच लिहिलं होतं. कायदा तिथवर पोहोचायला ४७ वर्षं लागली. तो लागू झाला तेव्हा सेल्बर्टबाई ऐंशी वर्षांच्या होत्या आणि त्यांचं वकिलीचं कार्यालय चालू होतं.

९ जून १९८६ रोजी कासेलमध्येच त्यांचं निधन झालं. जर्मनीची घटना कधी हाताशी आली, तर तिसऱ्या कलमाचा दुसरा परिच्छेद जरूर उघडून पाहा. आता तिथे दोन वाक्यं आहेत. ही समानता प्रत्यक्षात यावी यासाठी राज्याने झटलं पाहिजे, असं सांगणारं लांबलचक दुसरं वाक्य १९९४ मध्ये जोडलेलं आहे. पहिलं, पाच शब्दांचं, १९४९ पासून एका अक्षराने बदललेलं नाही.